उंदराच्या अंगावरचा पांढरा ठिपका कसा वाचावा

होळकर सायन्स कॉलेजात किंवा देवी अहिल्या विद्यापीठात जीवशास्त्र शिकणाऱ्या, घरी मराठी आणि वर्गात हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्या आपल्या इंदूरच्या मुलामुलींसाठी हे लिहिते आहे. जेनेटिक्सच्या पेपरात उंदराच्या रंगाची गणितं सगळेच सोडवतात, ९:३:४ हे प्रमाण तोंडपाठ असतं. पण तो रंग तयार करणारी पेशी येते कुठून, वाढते कशी आणि एखादं जनुक बिघडलं की ती नेमकी कुठे अडते, हे विचारलं की बोलणं थांबतं. खरी मजा तर तिथेच आहे. जनुकातला बदल नुसत्या डोळ्यांनी दिसावा, प्राणी बहुधा जगावा, आणि पिढ्यान् पिढ्या तो बदल जपता यावा, अशी सोय शरीरातल्या फार थोड्या पेशींनी दिली आहे. उंदराच्या रंगावर परिणाम करणारी शंभराहून जास्त जनुकं आज माहीत आहेत, ती यामुळेच.

एवढी नावं पाठ करायची गरज नाही. पांढरा केस दिसला की पहिला प्रश्न एकच: तिथे रंगपेशी आहे का? असेल तर ती काय करायची राहिली आहे? नसेल तर ती कोणत्या टप्प्यावर हरवली? जनुकाचं नाव त्यानंतर.

पायरी १: पेशीचा प्रवास दिवसांच्या हिशेबाने शिका

रंगपेशी त्वचेत जन्मत नाही. भ्रूणाच्या पाठीच्या रेषेत न्यूरल ट्यूब मिटत असते तेव्हा तिच्या वरच्या कडेला पेशींचा एक पट्टा तयार होतो, त्याला न्यूरल क्रेस्ट म्हणतात. चेहऱ्याच्या हाडांचा मोठा भाग, आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशी आणि त्वचेतल्या रंगपेशी या सगळ्यांचं मूळ हेच. मेरी रॉल्स यांनी १९४७ मध्ये हे उंदराबाबत दाखवून दिलं. उंदराच्या भ्रूणाचे वेगवेगळे तुकडे कोंबडीच्या भ्रूणात वाढवले, तेव्हा ज्या तुकड्यात क्रेस्टच्या पेशी होत्या त्यातूनच रंगीत केस उगवले.

उंदराची गर्भावस्था १९ ते २१ दिवसांची असते. साधारण साडेआठ-नऊ दिवसांच्या भ्रूणात क्रेस्टच्या पेशी सुटू लागतात. त्यातल्या काही मेलॅनोब्लास्ट होतात, म्हणजे पुढे रंगपेशी होणार असलेल्या पण अजून रंग नसलेल्या पेशी. दहाव्या-अकराव्या दिवशी त्या त्वचेखालून पाठीकडून पोटाकडे पसरू लागतात. बाराव्या-तेराव्या दिवसापासून त्या वरच्या थरात, एपिडर्मिसमध्ये शिरतात. पंधराव्या दिवसाच्या आसपास केसांच्या मुळ्या तयार होऊ लागल्या की त्यांत उतरतात. प्रवासात त्यांची संख्या सतत वाढत असते. हे महत्त्वाचं आहे, पुढे लागेल.

उंदीर आणि माणूस यांच्यातला एक फरक इथेच टिपून ठेवा. आपल्या त्वचेत रंगपेशी सगळीकडे एपिडर्मिसच्या तळाशी आयुष्यभर राहतात. उंदराच्या पाठीवर मात्र मोठेपणी त्या जवळपास फक्त केसांच्या मुळ्यांत उरतात. कातडीत त्या कान, शेपटी, तळवे अशा ठिकाणीच सापडतात. म्हणून काळ्या उंदराची पाठ भादरली तर खाली कातडी काळी असेलच असं नाही. त्या क्षणी केस वाढत असतील तर मुळ्यांमधला रंग वरून दिसतो, केसांची विश्रांती चालू असेल तर कातडी गुलाबी दिसते.

पायरी २: डोळे बघा

ही सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी पायरी आहे. डोळ्याच्या पडद्यामागे रंगाचा जो थर असतो त्याच्या पेशी क्रेस्टमधून आलेल्या नसतात. त्या मेंदूपासून निघालेल्या नेत्रकपातूनच बनतात. त्यांना लांबचा प्रवास करावा लागत नाही. पण रंग बनवण्याची रसायनं मात्र तीच असतात.

आता पांढरा उंदीर हातात घ्या. डोळे गुलाबी असतील तर दोन्ही प्रकारच्या पेशींत रंग बनत नाही, म्हणजे बिघाड बहुधा रंग बनवण्यात आहे. आपल्याकडच्या लॅबमधला स्विस अल्बिनो असाच. त्याच्या केसांच्या मुळ्यांत रंगपेशी आपल्या जागी असतात, फक्त टायरोसिनेज हे एन्झाइम काम करत नसल्याने त्या रिकाम्या असतात. डोळे काळे आणि अंग पांढरं असेल तर रंग बनवता येतो आहे, पण अंगावर तो बनवणारी पेशीच नाही. आणि डोळे आकारानेच बारीक असतील तर एमआयटीएफ या जनुकाकडे वळा. पाउला हेर्टविग यांनी १९४२ मध्ये क्ष-किरण दिलेल्या उंदरांच्या संततीत असे बारीक डोळ्यांचे पांढरे उंदीर नोंदवले. ते जनुक कोणतं हे १९९३ मध्ये कळलं. रंगपेशी घडवणारी आणि तिला जगवणारी बरीचशी जनुकं याच प्रथिनाच्या हुकमाने चालू होतात, आणि डोळ्यातल्या थरालाही ते लागतं.

नुकतीच जन्मलेली पिल्लं केसांविना गुलाबी असतात, तरी मिटलेल्या पापण्यांतून काळा डोळा दिसतो. त्यामुळे अल्बिनो पिल्लू पहिल्या दिवशीच ओळखता येतं. अपवाद लक्षात असू द्या: पिंक-आइड डायल्यूशन या जनुकाच्या बिघाडात डोळे गुलाबी असतात, पण अंग पांढरं नसतं, फिकट राखाडी किंवा पिवळसर असतं.

पायरी ३: पेशीच नसेल तर ती कुठे आणि का हरवली ते शोधा

नवशिक्यांनी सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा.

पांढरे पट्टे कुठे आहेत ते आधी कागदावर काढा. पोटाच्या मध्यावर ठिपका, कपाळावर तिलक, पंजे आणि शेपटीचं टोक पांढरं, हे वारंवार दिसणारं चित्र आहे. या जागा पाठीच्या मध्यरेषेपासून दूर आहेत, तिथे पेशी शेवटी पोचतात. पेशी कमी पडल्या की आधी याच जागा उघड्या राहतात. कमरेभोवती पांढरा पट्टा असेल तर ते बेल्टेड उंदराचं लक्षण, त्यात पेशींभोवतालचं जाळं कातरणारं एडीएएमटीएस-२० हे एन्झाइम बिघडलेलं असतं.

पोटावर ठिपका असलेल्या उंदरांत सगळ्यात जुना आणि सगळ्यात बोलका म्हणजे 'डॉमिनंट व्हाइट स्पॉटिंग', लिहिताना डब्ल्यू. त्याच जोडीचा दुसरा म्हणजे 'स्टील'. दोघांचे उंदीर दिसायला इतके सारखे की वेगळे ओळखणं अवघड: पांढरे ठिपके, रक्तक्षय, वंध्यत्व. मग दोन जनुकं वेगळी का? मेयर आणि ग्रीन यांनी १९६८ मध्ये एकाची न्यूरल क्रेस्ट आणि दुसऱ्याची त्वचा एकत्र वाढवून पाहिली. डब्ल्यूची क्रेस्ट निरोगी त्वचेतही रंग देत नव्हती, आणि स्टीलच्या त्वचेत निरोगी क्रेस्टही तग धरत नव्हती. एकात बियाणं खराब, दुसऱ्यात माती. रक्ताबाबतही तेच: डब्ल्यू उंदराला निरोगी अस्थिमज्जा दिली की रक्तक्षय सुधारतो, स्टीलला दिली तरी सुधारत नाही. नुसत्या विचारपूर्वक रचलेल्या प्रयोगांतून मिळालेलं हे उत्तर आहे, तेव्हा यातलं एकही जनुक कोणी पाहिलेलं नव्हतं. विद्यार्थ्यांनी ते कागदावर स्वतः मांडून पाहावं असं मला मनापासून वाटतं. डीएनएचा पुरावा नंतर आला. डब्ल्यू म्हणजे किट, पेशीच्या पृष्ठभागावरचा एक रिसेप्टर (बाहेरचा निरोप घेणारं प्रथिन), हे १९८८ मध्ये कळलं. स्टील म्हणजे त्या रिसेप्टरला जाऊन बसणारं, आजूबाजूच्या पेशींनी बनवलेलं प्रथिन, हे १९९० मध्ये. रंगपेशी, रक्ताच्या मूळपेशी (स्टेम सेल) आणि जननपेशी या तिघींनाही किट लागतं, म्हणून तीन लक्षणं एकत्र येतात.

किट नेमकं करतं काय? बरीच वर्षं उत्तर होतं की पेशी हळू चालतात म्हणून पोटापर्यंत पोचत नाहीत. बाथ आणि एडिनबरा विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये जिवंत त्वचेत पेशींचा मागोवा घेऊन आणि गणिताने पडताळून वेगळं दाखवलं. पेशी कुणी दिशा दिल्यासारख्या जात नाहीत, वाट फुटेल तिकडे जातात, आणि वाढत जातात म्हणून पसरतात. किट बिघडलेल्या पेशींची चाल मंद नसते. त्यांचं विभाजन कमी पडतं. म्हणून मघाशी संख्येकडे लक्ष द्यायला सांगितलं. 'पेशी पोचली नाही' असं उत्तरपत्रिकेत लिहिण्याआधी 'पेशी पुरेशा झाल्या का' हेही विचारायला हवं.

किटची गरजही सगळ्या टप्प्यांवर सारखी नसते. किटला अडवणारी एसीके-२ नावाची अँटिबॉडी आहे. गर्भार मादीला ती ठरावीक दिवशी दिली की पिल्लांच्या अंगावरचा रंग जातो, आणि कोणत्या दिवशी दिली यावर पांढऱ्याची मांडणी ठरते. जन्मानंतर पिल्लाला दिली तर तेव्हा वाढत असलेले केस पांढरे होतात, पण पुढच्या खेपेचे केस पुन्हा रंगीत येतात. म्हणजे रंग बनवणाऱ्या पेशी मेल्या, आणि किटशिवायही तगून राहणाऱ्या काही पेशी मागे उरल्या. त्या मूळपेशी. केसाच्या मुळीच्या वरच्या फुगीर भागात त्या राहतात हे एमी निशिमुरा आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं.

बाकीची नावं थोडक्यात. पॅक्स-३ आणि सॉक्स-१० ही क्रेस्टच्या पेशीला सुरुवातीची ओळख देणारी आणि पुढे एमआयटीएफ चालू करणारी जनुकं. त्यांची एक प्रत गेली तरी पोटावर ठिपका येतो, दोन्ही गेल्या तर भ्रूण जगत नाही. एंडोथेलिन-३ आणि त्याचा रिसेप्टर यांची जोडी रंगपेशींना साधारण दहाव्या ते साडेबाराव्या दिवसादरम्यान लागते. ही जोडी बिघडली की पांढऱ्या ठिपक्यांबरोबर आतड्याचा शेवटचा भाग फुगतो, कारण आतड्यातल्या चेतापेशीही त्याच क्रेस्टमधून येतात. माणसातही याच जनुकांतून वार्डेनबर्ग (पांढरी बट आणि बहिरेपणा) आणि हिर्शस्प्रुंग (आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशी नसणं) हे आजार होतात. पांढरी बट घेऊन जन्मलेल्या बाळाची ऐकण्याची तपासणी का करतात, ते यावरून उलगडतं: आतल्या कानातही क्रेस्टमधून आलेल्या रंगपेशी असतात आणि ऐकू येण्यासाठी त्या लागतात.

पायरी ४: पेशी आहे, पण रंग वेगळा आहे

इथे गोष्टी सोप्या होतात. टायरोसिनेज नसेल तर रंगच नाही. टीआरपी-१ हे काळा रंग बनवायला लागणारं प्रथिन बिघडलं तर काळ्याऐवजी चॉकलेटी. रंग बनतो पण केसात नीट पोचत नाही असाही प्रकार असतो. मेलॅनिनचे कण पेशीच्या लांब फांद्यांच्या टोकापर्यंत न्यावे लागतात, तिथून ते केसाच्या पेशींना दिले जातात. मायोसिन-५ए, रॅब-२७ए आणि मेलॅनोफिलिन ही तीन प्रथिनं मिळून ते काम करतात. यातलं एक जरी नसलं तरी कण पेशीच्या मध्यभागी गोळा होऊन बसतात आणि काळा उंदीर राखाडी दिसतो. डीबीए हे उंदरांच्या अंतःप्रजनित वाणांतलं (पिढ्यान् पिढ्या जवळच्या नात्यातच जोड्या लावून तयार केलेल्या) सगळ्यात जुनं नाव, १९०९ पासूनचं. त्यातला डी म्हणजे डायल्यूट, म्हणजे हाच फिकटपणा.

पांढरा वाघ इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींनी प्राणिसंग्रहालयात पाहिलेला असतो. पिंजऱ्यातल्या बहुतेक पांढऱ्या वाघांची वंशावळ १९५१ मध्ये रीवाच्या जंगलात पकडलेल्या 'मोहन' या बछड्यापर्यंत जाते. पायरी दोन त्याला लावून बघा. डोळे गुलाबी नाहीत, निळसर आहेत, आणि पट्टे काळपट आहेत. म्हणजे पेशी जागेवर आहे, काळा रंगही बनतो आहे, फक्त पिवळा-तांबूस गेला आहे. त्याच्या एसएलसी-४५ए२ या जनुकात एकाच अमिनो आम्लाचा बदल आहे, असं २०१३ मध्ये कळलं. उंदरात याच जनुकाच्या बिघाडाला अंडरव्हाइट म्हणतात.

अगूटी मात्र थांबून बघण्यासारखं. रानातल्या उंदराचा केस काळा नसतो की पिवळा नसतो. टोक काळं, त्याखाली पिवळी पट्टी, मग पुन्हा गडद. पेशी तीच, केसही तोच. केसाच्या मुळाशी असलेल्या डर्मल पॅपिलाच्या पेशी, ज्या स्वतः रंग बनवत नाहीत, त्या केस वाढताना थोडेच दिवस अगूटी हे प्रथिन सोडतात. ते रंगपेशीवरच्या एमसी१आर या रिसेप्टरला अडवतं, आणि तेवढ्या काळात काळ्याऐवजी पिवळा रंग बनतो. रंगपेशी शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून चालते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही. हे बघायला उंदीर लागत नाही. मातकट रंगाचा पाळीव ससा कुणाकडे असेल तर त्याच्या पाठीवर हलकी फुंकर मारा, केसांतली वलयं दिसतील. गळलेला एक केस ग्लिसरीनच्या थेंबात ठेवून कॉलेजच्या साध्या मायक्रोस्कोपखाली बघा.

पायरी ५: वय विचारा

पहिले केस काळे आणि पुढचे पांढरे, असे उंदीर असतात. बीसीएल-२ हे पेशीला मरणापासून राखणारं जनुक काढून टाकलं तर पहिली खेप रंगीत येते आणि पाच-सहा आठवड्यांच्या सुमारास दुसरी खेप राखाडी-पांढरी होते. एमआयटीएफचा 'व्हिटिलिगो' नावाचा एक प्रकार असाच हळूहळू पांढरा होत जातो. दोन्हींत मूळपेशींचा साठा टिकत नाही. म्हणून उंदराची नोंद करताना वय आणि केसांची कितवी खेप हे लिहिलं नसेल तर ती नोंद अर्धी आहे.

पायरी ६: संकराने खात्री करा

बाल्ब-सी हा अल्बिनो वाण आणि सी-५७ ब्लॅक हा काळा वाण, यांची जोडी लावा. सगळी पिल्लं रानउंदरासारखी, अगूटी. पांढरं नाही, काळं नाही. कारण बाल्ब-सीकडे अगूटीची चांगली प्रत होती, ती अल्बिनोपणाच्या मागे झाकलेली होती. शिवाय त्याच्याकडे चॉकलेटीही लपलेलं आहे. त्यामुळे पुढच्या पिढीत ६४ मागे २७ अगूटी, ९ चॉकलेटी अगूटी, ९ काळे, ३ चॉकलेटी आणि १६ पांढरे अशी अपेक्षा धरायची. ही तीन जनुकं दुसऱ्या, चौथ्या आणि सातव्या गुणसूत्रांवर आहेत, म्हणून सुटी वाटली जातात. सगळीच तशी नसतात. अल्बिनो आणि पिंक-आइड दोन्ही सातव्यावर आहेत, आणि सस्तन प्राण्यातलं लिंकेज (एकाच गुणसूत्रावरची जनुकं सोबत वारशाने जाणं) पहिल्यांदा याच जोडीत जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन, त्यांचे सहकारी स्प्रंट आणि हाल्डेनची बहीण नेओमी यांनी १९१५ मध्ये दाखवलं. पहिल्या महायुद्धात स्प्रंट मारले गेले. हाल्डेन पुढे भारतात आले, इथलं नागरिकत्व घेतलं आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले.

पायरी ७: लॅबमध्ये

जिवंत उंदरावर काहीही करण्याआधी संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी लागते, आणि विद्यार्थ्याने ती स्वतः वाचलेली असावी, गाइडवर सोडू नये. सुरुवात परवानगीशिवाय होणाऱ्या कामाने करा. एमजीआय हा उंदरांच्या जनुकांचा खुला साठा आहे. त्यात किट टाका, वेगवेगळ्या म्युटंटांची वर्णनं वाचा आणि प्रत्येकाला वरच्या पायऱ्या लावा.

त्वचेचे काप मिळाले तर डोपा रंजन करून बघा, म्हणजे काप डोपा या रसायनात ठेवा. टायरोसिनेज असलेली पेशी काळी होते. पण अल्बिनोत एन्झाइमच नाही, त्यामुळे पेशी असूनही डोपाला काही दिसत नाही. तिथे डीसीटी या रंगपेशीतल्या जनुकाचा प्रोब (ते जनुक चालू असलेली पेशी दाखवणारा तुकडा) किंवा किटची अँटिबॉडी वापरावी लागते. डोपा कोरा आला म्हणून 'पेशी नाही' असं लिहू नका.

एक गोष्ट घरासाठी. आपल्या नात्यागोत्यात कोड असलेलं कुणीतरी असतं, आणि त्या माणसाला, विशेषतः मुलीला, त्याचा किती त्रास होतो हे आपण बघतो. कोड संसर्गजन्य नाही आणि तो महारोगही नाही. महारोगाच्या चट्ट्यावर संवेदना कमी होते, कोडाच्या डागावर ती शाबूत असते. जन्मापासून असलेला न वाढणारा डाग हा पायबाल्डिझम असू शकतो, तो किटच्या बिघाडाचा मानवी प्रकार: पेशी तिथे कधी झालीच नाही. कोडात पेशी होती, शरीराच्या प्रतिकारशक्तीने ती नंतर मारली. उपचाराने रंग परततो तेव्हा बहुतेकदा आधी केसांच्या मुळाभोवती बारीक ठिपके उमटतात, कारण मुळीत उरलेल्या मूळपेशी तिथून बाहेर येतात. म्हणूनच डागावरचे केस अजून काळे आहेत का, हे त्वचारोगतज्ज्ञ बघतात, आणि ओठ व बोटांची टोकं अशा बिनकेसांच्या जागा उपचाराला सगळ्यात कमी दाद देतात.